शेजारच्या सीटवरचा ब्रेक

१२ जानेवारी

चि. भोंग्या,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू सुखरूप असशील, वेळेवर जेवत नसशील, हे मी धरूनच चालते. 'आम्ही इकडे मजेत' असं लिहायला पेन टेकवलं होतं, पण ते वाक्य सध्या आपल्या घरात शोभत नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. एकतर आपल्या दोन खोल्यांत फोनवरचं सगळं तुझ्या बाबांना ऐकू जातं, आणि आता ते दिवसभर कॉटवरच असतात. त्यातून तुझा फोन आला की स्पीकर लावायचा हा त्यांचा हुकूम. दुसरं म्हणजे तू मला पुरतं बोलू देत नाहीस. 'हं आई, हं आई' करत मधेच समजूत काढायला लागतोस आणि मी 'बरं' म्हणून गप्प बसते. कागद मधेच तोंड घालत नाही.

आधी खुशाली. बाबांच्या मांडीच्या हाडात सळई घातली आहे ती नीट बसली, टाके निघाले, ताप नाही. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, तुझ्याच वयाच्या असतील. त्या म्हणतात, "काका, आता पाय टेकवायलाच हवा, नाहीतर तो असाच राहील. चार पावलं टाका." हे म्हणतात, "उद्या." ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना 'उद्या नाही, आत्ता गिअर टाका' म्हणून दटावलं, तो आता उद्याचे वायदे करतो. वॉकर आणला आहे. सध्या त्यावर टॉवेल वाळतात.

आता मुद्द्याचं. परवा तू त्यांना म्हणालास, "बाबा, तुमचं वय झालं. आता स्टीअरिंगला हात लावू नका, गाडी विकून टाका." ते नुसतं 'हं' म्हणाले. शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं आहे की अपघात झाला तेव्हा गाडी ते चालवत होते.

ते नव्हते चालवत. मी चालवत होते.

हसून घे, मग पुढे वाच.

आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची ती दोन ब्रेकवाली गाडी, एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाबांच्या, गेल्या वर्षी विकली, हे तुला माहीत आहे. शिकायला येतंच कोण आता? आले तर आईबापांनी ढकललेले. एक मुलगी भर रस्त्यात बाबांना म्हणाली, "काका, मी शिकते, पण गाडी घेणार नाही हं, आधीच सांगते." जणू हे तिच्या गळ्यात गाडी बांधायलाच बसलेत. एकाला लायसन्स फक्त ओळखपत्र म्हणून हवं होतं. बाबा घरी येऊन म्हणायचे, "या पोरांना पायच नाहीत, नुसते अंगठे आहेत." मी म्हणायचे, अहो, अंगठ्याने मोबाईल दाबला की गाडी दारात येते, मग पाय कशाला हलवतील? आणि तू तरी काय वेगळा? तुझं ते वाक्य मला पाठ आहे: 'आई, गाडी घ्यायची म्हणजे तिच्यासाठी जागा शोधायची. मला माझ्यासाठी जागा मिळता मिळत नाही.' मला त्यात चुकीचं काही दिसत नाही. बाबांच्या रागातही काही चुकीचं दिसत नाही. माझी ही जुनीच खोड आहे.

शाळा बंद झाल्यावर बाबा सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, खिशाला पेन लावून खुर्चीत बसायचे. जायचं कुठेच नसायचं. मला ते बघवेना. एक दिवस भांडी घासता घासता मी म्हटलं, "मग मला शिकवा." थट्टेतच म्हटलं. ते उठून चप्पल घालायला लागले.

तुला हसू येईल, पण इतकी वर्षं मी त्या शाळेच्या ऑफिसात बसले, टेलिफोन घेतले, फॉर्म भरले, नव्या माणसाला पहिला पाठही मीच द्यायचे, तोंडी. आरसे बघा, सीट नीट करा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सर "घेतला" म्हणाले की त्यांनी ब्रेक घेतला असं समजायचं. तुम्ही दोन्ही पाय उचलायचे. मधे लुडबुड करायची नाही.' हजारो लोकांना सांगितलं असेल. स्वतः मात्र कधी स्टीअरिंगला शिवले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शाळेची गाडी नव्हती, म्हणून तुझ्यासाठी घेऊन ठेवलेली गाडी काढली. तू पास झालास तेव्हा घेतलेली, कापड पांघरून ठेवलेली, बॅटरी उतरू नये म्हणून फक्त रविवारी फिरवून आणलेली. तिला शेजारच्या सीटपाशी ब्रेक नाही. कशाला असेल?

अपघाताच्या दिवशी, आम्ही सराव करायचो त्या गोदामाच्या मागच्या उताराला एक सायकलवाला आडवा आला. मला दिसला होता. माझा पाय ब्रेकवर जात होता. तेवढ्यात बाबांनी सवयीने पाय ताणून जमिनीवर दाबला आणि ओरडले, "घेतला!" आणि मी, शहाणी, दोन्ही पाय वर उचलले.

सायकलवाला वाचला, मी चाक वळवलं होतं. भिंत वाचली नाही. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यांचा तो ताठ केलेला पाय मात्र तसाच दाबलेला होता, तो धक्क्याने मोडला. गाडी ओढून नेली तेव्हाच आपल्या मेकॅनिकला खरं कळलं होतं. तो घरी भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काका, ब्रेक तुम्ही वेळेवर घेतलात. पण तो होता कुठे?" त्याला वाटलं, हे हसतील. यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तर आता माझं म्हणणं एवढंच, की गाडी विका, विका, असा घोशा लगेच लावू नकोस. मेकॅनिकने पत्रा सरळ केला, पण पुढचा दिवा अजून बसायचा आहे, अशा गाडीला भाव कोण देणार? बाबांचं मनही कशात तरी अडकलेलं बरं. आणि उद्या तुझं लग्न झालं, लेकरंबाळं झाली, की तुझंच मत बदलेल. अशी बरीच कारणं आहेत.

जेवत जा.

तुझी,
आई

२९ जानेवारी

चि. भोंग्या,

आशीर्वाद. माझं पत्र मिळाल्याचा फोन तू केलास, तो स्पीकरवर होता हे तू विसरलास, की तुला वाटलं की आता लपवायचं काय?

"आईऽ, तू? गाडी? साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच!" आणि तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मीही हसले. मग तू म्हणालास, "मग तर विकाच! दोघांच्याही हाती नको ती." खरं सांगून मी काय मिळवलं बघ. बाबा चालवत होते तोवर एकाचंच वय झालं होतं, आता दोघांचं झालं.

फोन ठेवल्यावर बाबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "सांगायची काय गरज होती? पोराला कळलं ना आता, की त्याच्या बापाला ब्रेक कुठे आहे आणि कुठे नाही तेसुद्धा समजत नाही." मी म्हटलं, अहो, तो तर मला हसला. ते म्हणाले, "या घरात आता कुणी स्टीअरिंगला हात लावायचा नाही. गाडी त्याची आहे. तो आला तर नेईल, नाहीतर जाईल भंगारात." आणि दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तर यांनी डोक्यावरून पांघरूण घेतलं. बाई जाताना दारात मला म्हणाल्या, "काकू, असंच राहिलं तर मी येऊन उपयोग नाही." त्यांचंही खरं आहे. दोन टॉवेल वाळवायला एवढा महागडा वॉकर कुणी घेत नाही.

आता नीट ऐक. मागच्या पत्रात मी दिव्याची, भावाची, तुझ्या लेकराबाळांची कारणं दिली. ती सगळी बाजूला ठेव. ती कारणं नव्हती, मी बोलायचं टाळत होते.

गाडी मला हवी आहे.

लिहिलं एकदाचं. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

मी सुरुवात केली ती त्यांच्यासाठी, हे अगदी खरं. माणसाला काम हवं म्हणून मी शिष्य झाले. पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडली. यांचा काय उत्साह! 'क्लच हळू सोड, हळू, दूध उतू जात असताना गॅस बारीक करतेस तसा.' पाचव्यांदा ती निघाली, तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला त्यांनी असं 'बरं' म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण मग काहीतरी भलतंच झालं, रे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात आम्ही बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. मी गिअर बदलला, तो आवाज न करता पडला, आणि रस्ता समोरून माझ्याकडे यायला लागला. आजवर मी रस्ता बघितला तो बसच्या खिडकीतून, नाहीतर तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, त्यांच्या पाठीच्या कडेने. सगळं बाजूने निघून जाताना दिसायचं. इथे ते येत होतं आणि त्याचं काय करायचं ते माझ्या हातात होतं. हळू जायचं तर हळू, थांबायचं तर थांबायचं. मला हसू आवरेना. हे म्हणाले, "दात काय काढतेस, आरसा बघ." मी आरसा बघितला, तर त्यात हसणारी मीच. मग आरसा नीट केला.

तू फोनवर विचारलंस, "तुला जायचंय तरी कुठे?" मला कुठेच जायचं नाही. भाजीला जाईन, दवाखान्यात जाईन, वळून परत येईन. तुझ्या बाबांना कुणी कधी विचारलं का, कुठे जायचंय म्हणून? तुम्ही तरुण पोरं म्हणता, गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. असेल. ज्यांना ती कधीही मिळाली असती त्यांना ती नको असणं सोपं आहे. तुझ्यावर चिडून नाही लिहीत. की चिडूनच लिहिते आहे? असेन थोडी.

मग बाबांनाच का सांगत नाहीस, म्हणशील. कुठल्या तोंडाने सांगू? मी चालवत असताना त्यांचा पाय मोडला. ते कॉटवर पडून छताकडे बघत असतात आणि मी त्यांना काय सांगू, 'तुम्ही पडून रहा, मी जरा चक्कर मारून येते'? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज सकाळी मी ठरवते की आज बोलायचं. चहा घेऊन जाते, ते कपाकडेसुद्धा बघत नाहीत, आणि मी रिकामा ट्रे घेऊन परत येते.

म्हणून तुला सांगते. तुझं ते ऐकतील. गाडी तुझी आहे हाच त्यांचा एक धागा आहे. फोनवर एवढंच म्हण, 'बाबा, गाडी विकू नका, मला हवी आहे, मी सवडीने येऊन नेईन.' येऊ नकोस, नेऊ नकोस. नुसतं म्हण. तोवर त्यांचा पाय बरा होईल, राग उतरेल, आणि एखाद्या दिवशी मी म्हणेन, अहो, बॅटरी उतरेल, जरा फिरवून आणू का? तेवढा वेळ मला मिळवून दे. तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस, ही तुझी मला वाईट सवय वाटत आली आहे. एकदा मोड.

पत्र उद्या सकाळी टाकते. वाचलंस की फाडून टाक.

आई

८ फेब्रुवारी

भोंग्या बाळा,

काल तुझे लागोपाठ फोन आले तेव्हाच ओळखलं की पत्र तुझ्या हातात पडलं. बाबांनी उचलला, तू 'आई कुठे आहे' विचारलंस, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून हाताने 'नाही म्हणून सांगा' अशी खूण केली. मी घरातच होते. रागावू नकोस. तू जे बोलला असतास ते मला तेव्हा ऐकवलं नसतं, आणि बाबांनी ऐकलेलं तर मुळीच चाललं नसतं.

तुझी काही चूक नाही, हे आधी लिहिते. मी पत्र पेटीत टाकून घरी आले आणि दुपारी तुझा फोन आला. तू किती जपून बोललास. "बाबा, तुम्ही माझी वाट बघू नका. मला गाडी नकोय. मला ती कधीच नको होती, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. तुम्ही माझ्यासाठी घेतलीत ते पोचलं मला. आता मोकळे व्हा." मी समोर उभी होते. स्पीकरवर हात ठेवून 'थांब' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तू एवढं खरं बोलत होतास, त्यात माझं कुठे घुसवू?

मला वाटलं, हे आता पुरते खचणार. पण झालं उलटंच. त्यांनी फोन उशाशी ठेवला. मग म्हणाले, "पोरगा लहानपणी भोंग्यासारखा रडायचा. काय हवं ते घसा फोडून सांगायचा. आता नको म्हणायला इतकी वर्षं घेतली?" आणि हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. मग म्हणाले, "ते टॉवेल काढ त्याच्यावरचे."

ते उठले, रे. वॉकर धरून दारापर्यंत गेले. घामाने निथळत होते, पाय लटपटत होता, पण गेले. गिऱ्हाईक आलं तर गाडी आपणच दाखवली पाहिजे, मेकॅनिकवर सोपवून चालायचं नाही, असं म्हणत गेले. व्यायामाच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या तर त्यांना मिठाईच द्यायची बाकी होती. ज्या गाडीपायी माणूस आडवा झाला, तिला विकण्यापायी तो उभा राहिला. आता तू सांग, मी कुठे तोंड उघडायचं होतं?

मेकॅनिकने गिऱ्हाईक आणलं. एक नर्स, तुझ्याएवढीच. मला वाटलं होतं, कुणीतरी पोक्त माणूस येईल. ती म्हणाली, "मला खरं तर गाडी नकोच होती, काका. पण दवाखान्यातली पाळी अवेळी सुटते, तेव्हा बस नसते, आणि रोज अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचा कंटाळा आलाय." मला ती आवडली. नावडायला हवी होती, पण आवडली.

बाबा मेकॅनिकचा खांदा धरून जिना उतरले आणि वॉकरवर उभे राहून तिला सगळं दाखवत होते. दिवा नवा आहे, टायर चांगले आहेत, गिअर लोण्यासारखा पडतो. ती आत बसली, तर तिचे गुडघे स्टीअरिंगला लागले. ती हसून म्हणाली, "अगंबाई, सीट किती पुढे घेतलीये! कोण चालवत होतं?"

बाबा म्हणाले, "मी."

आता बाबा सहा फुटी माणूस. मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं आणि हातातलं फडकं उगाच झटकायला लागला. तिने खालचा खटका ओढला आणि सीट मागे सरकवली. किल्ली मीच तिच्या हातात दिली, कारण बाबांचे दोन्ही हात वॉकरला धरलेले होते. तिने गाडी काढली, ती बरी काढली. वळणावर जरा घाई केली.

वर यायला बाबांना खूप वेळ लागला. प्रत्येक पायरीला थांबत होते. मधल्या वळणावर थांबले ते थांबलेच. मला वाटलं, दुखतंय. मी पाठीला हात लावला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला हवी होती का गं?"

बाळा, कुणीतरी विचारलं. इतके दिवस सगळे तुला विचारत होते, तुला हवी की नको. मला त्या माणसाने त्या जिन्यात विचारलं, एका पायावर उभं राहून, तोंड पांढरं पडलेलं, गाडी गल्लीतून बाहेर गेल्यावर. हो म्हटलं असतं तर ते तिथेच खाली बसले असते, आणि मग त्यांना कुणी उठवलं असतं?

मी म्हटलं, "छे! मला मेलीला कुठे जायचंय?"

ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

काल तू फोनवर काय म्हणणार होतास ते मला ठाऊक आहे. नवी घेऊन देतो म्हणणार होतास. तू देशीलही, तू तसा आहेस. पण मग त्यांना कळेल की मी जिन्यात खोटं बोलले. म्हणून देऊ नकोस. त्यांना यातलं कधी काही सांगू नकोस. आज ते न विचारता स्वतःहून खिडकीपर्यंत गेले आणि तिथे उभे राहून खालच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मी भाजी निवडत बसले होते. बसूनच राहिले, दुसरं काय करणार?

शिकाऊ लायसन्सची मुदत अजून शिल्लक असलेली,
तुझी आई